आकाशपाळण्यातून दिसलेले बाबा

ऑपरेशन थिएटरबाहेर नवऱ्यासाठी ताटकळलेल्या शिंपीणबाईंच्या कानांवर शेजारी बसलेल्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

"ताई, आत नेताना बाबा तुलाच शोधत होते."

"शोधू देत. इतकी वर्षं कुठे होते?"

"असं काय गं! पार्कात आकाशपाळण्यात बसवलं होतं त्यांनी आपल्याला. मी वरून ओरडत होतो, बाबा, बघा, बघा!"

"ते बघत नव्हते."

"गर्दीत दिसलो नसू आपण."

"मला ते दिसले. पिशवी उचलून फाटकाबाहेर पडले. गेले ते गेलेच."

"मला वाटायचं, खाली उतरल्यावर चुकामूक झाली. तुला वरच कळलं होतं?"

"हो."

"आणि मला तळ्यातली बदकं दाखवत बसलीस?"

"तू फार खूश होतास रे."

शिंपीणबाईंना तिकडे बघवेना.

दार उघडलं. नर्स घाईत होती.

"तुमच्या वडिलांना रक्त लागतंय, आत्ताच्या आत्ता."

भाऊ उठू लागला, तशी बहिणीने खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

"तुझा रक्तगट वेगळा आहे." बाही वर सारत ती नर्सकडे वळली. "माझं घ्या. मुलगी आहे मी त्यांची."