गवतात गेलीच नव्हती

लाडकी : हा चटका कसला, गोमा?

गोमा : कुठचा चटका?

लाडकी : आता आत जाऊन तिचं लुगडं बदललं मी. कमरेशी, गाठीच्या खाली. भाजलेलं हाय, वर काळी खपली धरलीय नि भोवती लालेलाल. तुजी बायको हाय ती. तुला ठाऊक नसंल तर कुणाला?

गोमा : चुलीपाशी भाजलं असंल.

लाडकी : कमरेला चूल लागते? बिडीचा चटका हाय तो. बाबा बैलाच्या कानातली गोचीड अशीच जाळायचा. आपण दोघं कान धरून उभे ऱ्हायचो, विसरलास?

गोमा : हळू बोल, बाय. वॉर्डातली माणसं बघतात.

लाडकी : बघू दे. सालवडवरून पहिल्या एसटीनं आले मी, कंपनीत खाडा करून. फोनवर काय बोललास? ‘जिवलीला साधा ताप हाय, उतरत नाय इतकंच.’ साधा? तळहातावर, तळपायावर पुरळ उठलंय. डोळे उघडले नि मला आई म्हणाली. तिची आई मरून किती वर्षं झाली?

गोमा : गोचीड होती. बस झालं? मीच काढली.

लाडकी : कदी?

गोमा : ताप यायच्या आदी. आठवडा झाला असंल. टोचतंय म्हणाली. दिव्याजवळ नेऊन बघितलं तर फुगून वालाच्या दाण्याएवढी झालेली. बिडी लावली, सुटली नाय. मग नखानं ओढली. अर्धी आली.

लाडकी : नि अर्धी?

गोमा : आत ऱ्हायली. वर रॉकेल चोपडलं.

लाडकी : हे डॉक्टरीणबाईला सांगितलंस?

गोमा : चहा आणू का तुला?

लाडकी : सांगितलंस का?

गोमा : नाय.

लाडकी : त्यांनी विचारलं नाय?

गोमा : विचारलं. बाई रानात जाते का, गवतात जाते का. मी म्हणलं, नाय जात. घरीच असते.

लाडकी : घरीच असते. दिवाळीपास्नं कोळगावच्या पुढच्या माळावर गवत कापते ती. तुज्याच टोळीत. तू मुकादम, रोज सकाळी तिच्या हातात विळा देणारा तूच. नि घरीच असते?

गोमा : मेहुलशेठनं सांगितलेलं.

लाडकी : शेठ गवत विकत घेतो, तबेल्यांना पाठवतो. तुज्या बायकोच्या आजाराचं तो काय सांगणार?

गोमा : तुला मागल्या सालचं ठाऊक नाय. गोदूबाईला असाच ताप आला. ती बोलून गेली डॉक्टरजवळ, गवतात गोचीड चावली म्हणून. लगेच आरोग्यखात्याची माणसं माळावर. फवारणी होईपर्यंत कापणी बंद. शेठ म्हणाला, या टोळीची तोंडं फार चालतात. वखारीवर दुसरी टोळी आणली त्यानं, नि आमी डोंगरात परत. यंदा बोलावलं ते या बोलीवर, का कुणाला ताप आला तर तो घरचा ताप. गवताचं नाव काढायचं नाय.

लाडकी : नि तू हो म्हणलास.

गोमा : म्हणलं. चाळीस माणसं हायत माज्या मागं. भात निघालं का डोंगरात काय ऱ्हातं? गवत गेलं का वीटभट्टी, नाय तर कुणाच्या होडीवर खलाशी. तुजं बरं हाय. सालवडला पत्र्याखाली का होईना, डोक्यावर पंखा फिरतो. पगार महिन्याच्या महिन्याला.

लाडकी : माज्या पंख्याचं नाव काढू नकोस. त्या पंख्याखाली मी उभ्यानं डबे भरते. पण हातमोजे दिले नाय तर मी मशीनला हात लावत नाय, सुपरवायझर कितीपण आरडू दे. तुज्या शेठनं काय दिलं गवतात उतरायला?

गोमा : टीशर्ट दिले.

लाडकी : कसले?

गोमा : वखारीचं नाव हाय पाठीवर.

लाडकी : अर्ध्या बाहीचे?

गोमा : अर्ध्या बाहीचे.

लाडकी : बायांचं लुगडं गुडघ्यावर, पाय उघडे. गवत कमरेएवढं, त्यात रानातली गुरं चरून गेलेली. गोचीड काय आभाळातून पडते? गवताच्या शेंड्यावर बसते नि वाट बघते. एक फुलबाहीचा शर्ट, एक जुनी पँट, मोज्यात खोचलेली, एवढं मागायला तुजी जीभ जड झाली? मुकादम तू कशाचा?

गोमा : दुपारचं ऊन तुला ठाऊक हाय का? अंगभर घातलं तर माणूस चक्कर येऊन पडतो.

लाडकी : मग आता कोण पडलंय आत?

गोमा : बाय, मला नको शिकवू. रात्रभर मी तिच्या डोक्यावर पट्ट्या ठेवतो. मीच ठेवतो.

लाडकी : पट्ट्या ठेवतोस नि तोंड मिटतोस. त्या चाळीस माणसांचा आडोसा करू नको. त्यांना विचारलंस का, जिवली मेली तर चालंल तुमाला? जा, नि डॉक्टरीणबाईला खरं सांग.

गोमा : आज नाय. संध्याकाळी बघू, ताप उतरला तर...

लाडकी : त्या येतात बघ. आता सांग.

डॉक्टर : जिवलीचे नातेवाईक तुम्हीच ना? इकडे या. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. तरी ताप हटत नाही आणि आता अंगावर पुरळ आलंय. दुपारपर्यंत असंच राहिलं तर मला तिला मुंबईला पाठवावं लागेल. म्हणून पुन्हा विचारते, नीट आठवून सांगा. शेतात, रानात, गवतात गेली होती का? काही चावलं होतं का?

गोमा : नाय, बाई. घरीच होती ती.

लाडकी : खोटं बोलतो हा.

गोमा : बाय.

लाडकी : खोटं बोलतो, डॉक्टरीणबाई. माजा सख्खा भाऊ हाय, तरी सांगते. रोज गवत कापते ती. कमरेला गोचीड चावली, यानं बिडीनं जाळली, अर्धी आत ऱ्हायली. वर रॉकेल चोपडलं. काळी खपली हाय तिथं. चला, दाखवते.

गोमा : आता तुजा माजा संबंध नाय.

लाडकी : नको ठेवू. आदी तिला जगू दे.

डॉक्टर : थांबा दोघं. खपली कुठे आहे म्हणालात? कमरेला? सिस्टर, पडदा लावा.

लाडकी : हे बघा.

डॉक्टर : हा नुसता चटका नाही, ही तर सरळ गोचिडीच्या तापाची खूण आहे. काय हो, पहिल्या दिवशी मी तुम्हाला हेच विचारलं होतं ना?

गोमा : विचारलं होतं.

डॉक्टर : मग? एका शब्दाचं काम होतं. या तापाला साधं औषध आहे, डॉक्सीसायक्लिन, आमच्या कपाटात पडून आहे. पहिल्या दिवशी दिलं असतं तर ती आज बसून बोलली असती. उशीर झाला की मेंदूवर जातं, किडनीवर जातं. तुम्ही गप्प बसलात आणि मी भलत्याच तापाच्या मागे धावत राहिले.

लाडकी : नि तुमी? तुमी तिचं लुगडं सारून का नाय बघितलं? यानं खोटं सांगितलं, पण कातडी तर खोटं बोलत नव्हती.

डॉक्टर : नाही बघितलं. बघायला हवं होतं.

लाडकी : हवं होतं.

डॉक्टर : चूक आहे माझी. सिस्टर, रक्त पुन्हा घ्या, पण रिपोर्टसाठी थांबायचं नाही. औषध आत्ता सुरू करा. आणि तुम्ही, गोमा ना? इकडे बघा, जमिनीकडे नको. गोचिडीला चटका द्यायचा नाही, रॉकेल नाही, तेल नाही. ती बिथरली की तिच्या पोटातले जंतू जखमेत उतरतात. बारीक चिमटा घ्यायचा, कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. पिळायची नाही, नखानं चिरडायची नाही. मग साबणानं धुवायचं. आणि पुढे ताप आला तर आधी सांगायचं की गोचीड चावली होती. कळलं?

गोमा : कळलं.

डॉक्टर : टोळीत आणखी कुणाला ताप आहे?

गोमा : तिला पाणी देऊ का, बाई?

लाडकी : गोमा.

डॉक्टर : मी पोलीस नाही. मला फक्त माणसं हवीत, जिवंत.

गोमा : मिथुनला हाय. नि गोदूबाईच्या सुनेला. झोपडीत पडून हायत. शेठनं मेडिकलमधून गोळ्या पाठवल्या.

लाडकी : आणखी दोघं. नि तू मला पंखा दाखवत होतास.

डॉक्टर : दोघांना आजच आणा. आणि मला हे आरोग्य विभागाला कळवावं लागेल. ते थांबवता येणार नाही.

गोमा : कापणी बंद होईल, बाई.

डॉक्टर : होईल.

लाडकी : फोन वाजतोय तुजा. कोण हाय?

गोमा : शेठ.

लाडकी : उचल. माज्यासमोर उचल.

गोमा : हॅलो. हां, शेठ. हॉस्पिटलातच हाय... नाय, कळलं डॉक्टरला. माज्या बहिणीनं सांगितलं... ऐका तर. तिचा काय दोष... शेठ, मिथुनला नि गोदूबाईच्या सुनेला इकडं आणायचंय. तुमची गाडी पाठवा... गवत भरलंय, ठाऊक हाय मला. मीच भरलंय ते. उतरवा... उतरवा म्हणतो ना. माणसं बसवा त्यात... शिव्या द्या, किती द्यायच्या त्या द्या. मी ऐकतो. पण माजी बायको मला ओळखत नाय, शेठ, नि मी तुमच्यासाठी दोनदा खोटं बोललो. दोनदा. एकदा तर तिच्या उशाशी उभा राहून... नका बोलवू पुढल्या साली. गाडी आली नाय तर मी सरकारी माणसांना घेऊन माळावर येतो. वाट दाखवायला दुसरं कुणी लागणार नाय.

लाडकी : काय म्हणाला?

गोमा : ठेवला त्यानं. तू तिच्याजवळ बस. मी रिक्षा बघतो. गाडी येणार नाय.

(दोन दिवसांनी, त्याच वॉर्डात. ताप उतरला आहे. जिवली उशीला टेकून बसली आहे.)

लाडकी : आणखी एक घास घे.

जिवली : पेज कडू लागते, बाय.

लाडकी : तोंडाला चव नाय अजून. कडू तर कडू, गिळ.

गोमा : माळावर फवारणी झाली. शेठनं झोपड्या मोडायला लावल्या. टोळी काल डोंगरात गेली. मला कुणी बोलायलापण थांबलं नाय.

लाडकी : ते मला कशाला सांगतोस? मिथुन कसा हाय?

गोमा : बरा हाय. आज भात जेवला. गोदूबाईची सूनपण उठून बसली.

लाडकी : मग ते आदी सांगावं माणसानं.

गोमा : तरी जाताना मागनं आरडून सांगितलं मी सगळ्यांना. गवतात जाताना अंगभर घाला, पाय झाका. घरी आल्यावर आंघोळ करा, एकमेकांचं अंग बघा. कानामागं, काखेत, कमरेशी. चिमटा घरात ठेवा.

लाडकी : कापणी संपल्यावर सांगितलंस.

गोमा : तुजा राग गेला नाय अजून.

लाडकी : नाय गेला. मी उद्या कामावर जाते. ही चालायला लागली का हिला माज्याकडं सालवडला आण. तू आलास तर ये, नाय आलास तरी चालंल.

जिवली : माज्या डोक्याशी भांडू नका तुमी दोघं.

गोमा : नाय भांडत. तू पड जरा. तुला त्या दिवसाचं काय आठवत नसंल, तेच बरं.

जिवली : आठवतं.

गोमा : काय आठवतं?

जिवली : सगळं नाय. पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते आठवतं. पहिल्या दिवशी, खाटेजवळ उभं राहून. बाई गवतात जाते का म्हणून.

गोमा : तू जागी होतीस?

जिवली : डोळे मिटलेले होते. ऐकत होते.

गोमा : मग तू का नाय बोललीस?

जिवली : मला वाटलं, तू सांगशील.