निम्म्या भावातली लेन्स

गजूला तुम्ही हुशार म्हणता ना, मग हे ऐका. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, लोकांनी लग्नं पुढं ढकलली आणि आम्ही मारेगावचे दोन फोटोग्राफर, मी आणि गजू, माश्या मारत बसलो. मी तर माझी मोठी लेन्स जुन्या मालाच्या अ‍ॅपवर विकायला टाकली. महिनाभर कुत्रंही फिरकलं नाही.

एक दिवस गजू धापा टाकत आला.

"लेन्स भेटली बे! तुह्यासारखीच, पण निम्म्या भावात. फौजी हाये, बदली झाली म्हणून विकून राह्यला. फक्त पैसे आजच पाठवा म्हणते."

"वा, देशसेवाच म्हणायची! फोटो दाखव."

फोटोत लेन्सचं तुटकं झाकण सुतळीनं बांधलेलं. मागं माझ्या बायकोची लोणच्याची बरणी.

मी कपाटातून लेन्स काढून त्याच्यापुढं ठेवली, सुतळीसकट.

"गज्या, तुह्या फौजीनं माहाच फोटो चोरला. लेन्स तं माह्या घरात हाये."

गजूनं मोबाईल पाहिला, लेन्स पाहिली. पैसे वाचले म्हणून आता हा पाय धरतो, असं मला वाटलं.

"म्हणजे लेन्स हीच," गजू म्हणाला. "मंग तो अनोळखी माणूस अर्ध्यात देऊन राह्यला, अन् तू दोस्त असून मले काहून लुटून राह्यला?"