डिंक लावलेला कंगवा

(व्हिएतनाममधल्या हायफाँग शहरातली प्राथमिक शाळा, वसंतातले दमट दिवस. वर्ग सुटलाय. थोआ आपल्या मुलीला, मिएनला, घेऊन चौथीच्या लिएनबाईंसमोर उभी आहे.)

थोआ : ताप नाही, खोकला नाही, आणि उद्या पोरीला घरी बसवायचं? कशासाठी?

लिएनबाई : एका दिवसाचा तर प्रश्न आहे, ताई. उद्या माझा पाठ बघायला वरचे लोक येणार आहेत.

थोआ : येऊ देत की. माझी पोर काय चावणार आहे त्यांना?

लिएनबाई : काल तालीम घेतली. केसांवर कंगवा घासायचा, कागदाच्या कपट्यांवर धरायचा, कपटे उडून चिकटतात. एवढंच हिनं करून दाखवायचं होतं. तर ही भर वर्गात म्हणते, चिकटत नाहीत.

थोआ : मग चिकटले का?

लिएनबाई : पुस्तकात चिकटतात.

थोआ : पुस्तकातलं नाही विचारलं मी. इथं भिंतींना घाम फुटलाय, आठवडाभर घरात एक कपडा वाळलेला नाही.

मिएन : आई, थंडीत चिकटले होते गं. स्वेटर काढताना कडकड वाजायचं, तेव्हा. आता हवेत इतकं पाणी आहे की कंगव्यावर वीज टिकतच नाही. मी घरी कितीदा करून बघितलं.

लिएनबाई : ते काय मला कळत नाही? पण पाठाची तारीख मी ठरवते का? म्हणून तर नंतर कंगव्यावर डिंकाचं बोट फिरवलं.

थोआ : काय फिरवलं?

लिएनबाई : जरासंच. लांबून दिसत नाही.

मिएन : तेव्हा मी फक्त म्हटलं, बाई, हा चिकट लागतोय.

थोआ : आणि त्याची शिक्षा हिला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. रात्री ही मला विचारत होती, आई, मी ढ आहे का? पाहुणे आले की ढ पोरांनाच घरी ठेवतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, बाई.

लिएनबाई : ढ नाही हो ती. पण माझी नेमणूक कच्ची आहे. उद्याचा पाठ फसला तर पुढच्या वर्षी मी इथं नसेन. माझ्याही घरी लेकरं आहेत.

थोआ : तुमची नोकरी जावी असं मला मुळीच वाटत नाही. पण ती टिकवायला माझ्या पोरीला लपवू नका. उद्या ती येणार. मी स्वतः आणून सोडणार.

लिएनबाई : बरं, येऊ दे. कंगवा दुसऱ्या कुणाला तरी देते. मिएन, तू मागच्या बाकावर बस. मी प्रश्न विचारला की हात सगळ्यांनीच वर करायचे. उत्तर येतं त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. तू डावा कर, म्हणजे मी तुला विचारणार नाही.

मिएन : पण बाई, मला उत्तर येतं.