मुंगीची मुलगी

— बरं, भांडायलाच आली असशील तर भांड, पण आधी बस. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडतो, माझ्यासारखाच. इकडे बस, खिडकीपाशी. घरात कोणी नाही, हे बाहेर गेलेत, तेव्हा मनसोक्त भांड. चहा घेशील? घेशीलच. शाळेत तुला काहीही विचारलं की तू मान हलवायचीस आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे आम्ही ठरवायचो – तू अजून तशीच. एक्कावन्न वर्षांनी भेटतेस, मुंगी, आणि पर्समधून काढतेस काय, तर मीच काढलेली वर्गपत्रं. बारा अंक. आणि प्रत्येकात तुझ्या नावाखाली लाल रेघ. वर्गाची मॉनिटर मी होते की तू? हे अंक तुझ्याकडे आले कुठून, ते मागाहून सांग. आधी माझं ऐकून घे.

वर्गपत्राचं काम माझ्याकडे कोणी दिलं म्हणतेस? कोणी कशाला देतंय, मीच ओढून घेतलं. तेव्हा फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचे, आता कोणाला नातू झाला आणि कोणाचा गुडघा बदलला ते लिहिते – जित्याची खोड. वर्षातून दोनदा, अठराजणींना. प्रत्येकीला चार ओळी. जिला सहा नातवंडं तिलाही चार आणि जिला नुसतं मांजर तिलाही चार, लाड नाहीत. सगळ्यांची बातमी यायची, फक्त तुझी नाही. पत्ता नाही, फोन नाही, मेलीस म्हणावं तर तसंही कोणी सांगेना. दर वेळी तुझ्या नावापुढे ‘माहिती नाही’ छापायचं. किती वर्षं छापायचं माणसानं?

म्हणून मी ते भरलं. भरलं म्हणजे – तुला नवरा दिला. तोंड वाकडं करू नकोस, चांगला बघून दिला, पूल बांधणारा इंजिनियर, व्यसन नाही, घोरतो थोडा. तू खरंच नाही केलंस लग्न? बघ, मी होते म्हणून निभावलं. मग एक मुलगी दिली. दातांची डॉक्टर, हुशार, नाकासमोर चालणारी, आणि – हो, वाचलंस तू, ती तुझ्याशी बोलत नाही. तेही मीच दिलं. सहा वर्षं झाली, बोलत नाही ती तुझ्याशी.

आता माझ्या ओळी कशाला बघतेस? बघ. ‘मॉनिटर – सर्व मजेत. मुलगी दवाखान्यात गर्क, भेट दुर्मीळ.’ यात खोटं काय आहे? भेट दुर्मीळच आहे. … हं. आलं ध्यानात. तुझीही दातांची डॉक्टर, माझीही दातांची डॉक्टर. दुसरा धंदा सुचला नाही गं, मी काही कथा लिहिणारी नाही.

अशी बघू नकोस माझ्याकडे. सांगते. एका संध्याकाळी आली माझी मुलगी, हातात एक बॅग. जावयाला सोडून आली होती. लग्नाच्या आधी मी शंभरदा बजावलं होतं, हा मुलगा तुला जन्मभर वाट बघायला लावेल – आणि माझं खरं निघालं होतं, मुंगी, सगळंच्या सगळं खरं निघालं होतं. मी दार उघडलं आणि तिला बॅग खाली ठेवू द्यायच्या आधी म्हटलं, ‘मी सांगितलं होतं तुला.’ एवढंच. तिने बॅग खांद्यावरसुद्धा घेतली नाही, तशीच हातात धरून वळली आणि जिना उतरली. मला वाटलं, जाईल कोपऱ्यापर्यंत आणि येईल परत. तिच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं मी. खूप वाईट वाटतं मला. रोज वाटतं. पण हे अठराजणींना छापून कसं कळवायचं? ज्या पोरींना मी सरळ रांगेत उभं केलं, त्यांना?

तुझ्या नावावर मात्र सहज लिहिता आलं. आणि काय उत्तरं यायला लागली म्हणून सांगू – माझ्या पत्त्यावर, ‘मुंगीला पोचवावे’ म्हणून. माझ्या गुडघ्यावर कोणी दोन शब्द लिहिले नाहीत, तुझ्या मुलीवर तीन-तीन पानं. मागच्या बाकावरची ती ढमी, जिला पाढे येत नव्हते, ती लिहिते, ‘मुंगीला म्हणावं, सल्ला देऊ नकोस, जेवलीस का एवढंच विचार.’ दुसरी लिहिते, ‘चुकलं म्हणून लिही आणि तिथेच थांब, पुढे पण घालू नकोस.’ मी लिहिलं तसं. अकरा कागद फाडले. चुकलं माझं, इथपर्यंत हात बरा चालतो आणि मग आपोआप ‘पण’ येतंच, काय करू. आणि डॉक्टरीण, आपली ती, बेडूक बघून भोकाड पसरणारी – तिने काय लिहावं? ‘मुंगीला सांग, एकदा तरी हरून बघ.’ मला असा राग आला. म्हणजे तुझ्या वतीने आला.

तर आता शनिवार. सगळ्या जमणार, तू पण येणार म्हणतेस, आणि आल्याबरोबर तुला गराडा घालतील, बोलायला लागली का गं मुलगी, म्हणून. तू फक्त मान हलव. तुझी ती जुनी मान, हो का नाही कळत नाही अशी. एका दुपारपुरती आई हो, मुंगी. मी तुझ्यापुढे कधी हात पसरलाय? उलट तुझं नाव फळ्यावरून दोनदा पुसलंय मी, आठवतं का? इंजिनियर दौऱ्यावर आहे म्हणून सांगू, त्याची काळजी नको. … का? का नाही चालणार?

काय म्हणालीस? … डॉक्टरिणीच्या इस्पितळात? कुठे, रक्त तपासायच्या खोलीत? किती वर्षं? … बावीस. रोज भेटायचात तुम्ही. तूच तिला म्हणालीस, मला पत्रात घालू नका, म्हणून ती गप्प राहिली – बरं, ते समजलं, तुझा स्वभावच तसा. आणि अंक तिने दिले तुला. दर अंक.

थांब जरा. म्हणजे तिला माहीत होतं तुझं लग्न झालेलं नाही. तिला पहिल्या अंकापासून माहीत होतं की तुला मुलगीच नाही. मग तिने ते कोणाला लिहिलं, एकदा तरी हरून बघ?

… आणि ढमीने? ढमीलाही माहीत होतं? … किती जणींना? बोट दाखवू नकोस, तोंडाने सांग. सगळ्यांना. सहा वर्षं सगळ्या माझ्या पत्त्यावर ‘मुंगीला पोचवावे’ लिहीत होत्या आणि एकीनेही – मी त्यांना किती बोलले असेन मनात, ही मूर्ख, ती नाक खुपसणारी. आणि त्या इतक्या जपून लिहीत होत्या. रडत नाहीये मी, चष्मा पुसतेय. तू चहा संपव.

नको, राहू दे चहा. तू ऊठ आता. मला पत्र पुरं करायचंय, शनिवारी हातात द्यायचंय सगळ्यांच्या. तुझ्या चार ओळी खऱ्या लिहीन – लग्न केलं नाही, बावीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं, स्वभाव तसाच. नवरा परत घेते. माझ्या ओळी तू समोर असताना नाही लिहिता यायच्या मला, तेव्हा जा. आणि हे बघ, खालच्या जिन्यात आमचे हे भेटतील, फोन कानाला लावून. पाय मोकळे करायला जातो म्हणतात, पण तिथे उभं राहून लेकीशी बोलत असतात रोज, मला कळत नाही असं वाटतं त्यांना. त्यांना म्हण, घरात येऊन बोला. माझं नाव सांगून म्हण. दार उघडंच ठेव.