मैदानाची चिठ्ठी

— चहा गार झाला तुमचा. काय बिघडलं ते तरी सांगा.

— आपण जिंकलेली मॅच रद्द.

— अगंबाई! रद्द कशी? दोन गोलनी जिंकलात ना?

— अख्ख्या सीझनमध्ये तेवढी एकच. नऊ हरलो, दहावी जिंकलो, म्हणून शेवटून दुसरे तरी होतो. आता शेवटचे. आणि शेवटचे आलात तर टीम बंद, हे प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं.

— पण झालं काय?

— तो उंच पोरगा, बांबू.

— त्यानेच तर मारले ना गोल?

— दोन्ही. समोरच्या कॉलेजने तक्रार केली, याची हजेरी तपासा म्हणून. एका विषयात कमी भरली, म्हणून तो अपात्र.

— कुठल्या?

— विचारतेस काय?

— माझ्या?

— तुझ्या.

— अहो, सकाळी आठच्या तासाला तो यायचाच नाही! मी नाव घ्यायचे, पोरं फिदीफिदी हसायची.

— माझ्याकडे असायचा. नऊपर्यंत सराव.

— मग चिठ्ठी कुठाय? सरावाला कोण होतं, त्याची चिठ्ठी दर शनिवारी सगळ्या प्राध्यापकांना देता ना तुम्ही? ती बघून लावतात की हजेरी.

— सगळ्यांना दिली.

— आणि मला?

— बायकोला कसली चिठ्ठी द्यायची? मी पहाटे पाचला कुठे जातो, ते तुला ठाऊक नाही?

— तुम्ही जाता ते ठाऊक होतं. तो टीममध्ये आहे हेच मुळी मॅच जिंकलात तेव्हा कळलं; रोज सरावाला येतो हे कुणी सांगितलं? कॉलेजचा विषय घरात काढायचा नाही, हा नियम कुणाचा?

— माझाच.

— मी त्याला उडाणटप्पू समजत होते हो. एकदा व्हरांड्यात गाठून नको नको ते बोलले. मान खाली घालून उभा होता नुसता.

— त्याला वाटलं असेल, सरांनी घरी सांगितलंच असेल.

— चिठ्ठी लिहा. आत्ता लिहा. मागची तारीख टाका, मी हजेरी लावते.

— तू? वीस वर्षांत कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाहीस तू.

— लिहा म्हणते ना!

— हजेरीपटाची प्रत कालच स्पर्धेच्या समितीकडे गेली. बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत.

— आणि वसतिगृहातली त्याची खोली?

— खेळाडू म्हणून मिळाली होती. टीमच नाही तर कसली खोली? महिनाअखेर सोडायची. जाईल बापाच्या गॅरेजमध्ये, टायर काढायला. शिक्षण सुटलंच म्हण.

— मी वाटोळं केलं हो पोराचं.

— तू दिसलं ते लिहिलंस. मी चार ओळी लिहायचा कंटाळा केला. घरचंच माणूस, म्हणून.

— असं नका बोलू. रडायला येतं मला.

— रड. मला तर तेही जमेना.

— मुलांना सांगितलंत?

— नाही.

— म्हणजे उद्या पहाटे सगळी येणार?

— येणार. टीम वाचली म्हणून पुढच्या वर्षाच्या तयारीला लागलीत. बांबू तर साडेचारलाच येऊन बसतो.

— मी येऊ तुमच्याबरोबर? माझ्या तोंडून ऐकू दे त्याला.

— ये. पण गेल्या गेल्या बोलू नकोस.

— का?

— आधी पळू दे त्यांना. सांगितल्यावर कोण पळेल?