घरीच खोललेला शॉकप

...आन् वरून तो मोबाइलवर गाडी खोलून दाखवणारा पोरगा हसून सांगतो, "दोस्तों, बहुत आसान है!" आसान? अरे बाबा, तुझ्या अंगणात माझी माय न्हाई, काकू न्हाई, शेळी न्हाई, तुला आसानच असणार की! तुमाला सांगतो, चूक माझीच. गाडी आमच्या बाची, रखमाजीची. बटणटायरची फटफटी, नांगरटीतूनसुद्धा जाणारी, आन् पाच वर्षांखाली बा गेला तवापासून भिंतीला टेकून उभी. पुढच्या दोन्ही शॉकपातून तेल गळून राहिलं होतं. सेनगावचा भावसिंग मिस्त्री म्हणला, "ठेवून जा वैजनाथ, पंधरा रोजानं बघू." पंधरा रोज? बाची गाडी परक्याच्या दारात? मी म्हणलं, तेल अडवणारे ऑइलसील तेवढे दे, घरीच बसवतो. त्यात काय एवढं!

आता आमचं अंगण सांगतो, न्हाईतर तुमाला पुढचं कळायचं न्हाई. एका अंगाला आमचं दार, दुसऱ्या अंगाला रुख्मिणीकाकूचं, आन् मधी शेळी. माय आन् काकू सख्ख्या जावा, पण सव्वीस वर्षं एकमेकींशी बोलल्या न्हाईत. काहून? तर मायची माहेरची फुंकणी गेली, पितळेची, वर तिचं नाव कोरलेली, आन् माय म्हणली काकूनंच नेली. एका फुंकणीपाई! बोलायचं पडलंच तर दोघी शेळीला सांगतात. "शेळे, सांग काहीजणींना, दळण आलंय." तिकडून, "शेळे, सांग, ऐकू आलं." किती शेळ्या बदलल्या, निरोप चालूच. बा बिचारा मधी बसून तंबाखू मळायचा, एका शब्दानं बोलायचा न्हाई. मला वाटायचं, काय सोशिक माणूस आहे...

तर बसलो अंगणात. चाक काढलं, शॉकपाच्या डोक्यावरचं बूच दिसलं. ते सावकाश खोला असं तो पोरगा म्हणला असंल, पण नेमकी तवाच जाहिरात लागली, आन् मी म्हणलं, बूच तर खोलायचं, त्यात काय एवढं! पान्याला दिला झटका... ठाण्! बूच गेलं पत्र्यावर, शेळी गेली दावं तोडून, स्प्रिंग गेली माझ्या कानाजवळून, काळं तेल माझ्या तोंडावर, आन् स्प्रिंगच्या वर कोणीतरी ठासलेला वीतभर नळीचा तुकडा उडाला, तो गडगडत गेला थेट मायच्या सुपापाशी. माय तूर निवडत बसली होती. म्हणलं, माय, दे तेवढं इकडं. माय देईना. पदरानं पुसून राहिली. पुसता पुसता पितळ चमकलं, आन् वर अक्षरं आली, "मंजु". मी दुसरा शॉकप खोलला, हळूच, आता शहाणा झालो होतो. त्यातून निघालं "ळाबाई".

मायनं दोन्ही तुकडे जुळवून धरले. मंग म्हणली, "पुसेगावला माहेरी जाताना गाडी पुढून आदळायची रे. मी तुझ्या बाला म्हणायचे, कंबर मोडली माझी. त्या दिवाळीपासून आदळायची थांबली... मला वाटलं, रस्ता नीट झाला."

रस्ता! अगं, बानं तुझी फुंकणी कापून ढिल्या स्प्रिंगांवर ठासली होती! खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यात पाणी आलं. बा मला दिसूनच राहिला, टाकीवर मी, मागं माय, तिच्या मांडीवर करडू, माय मागून "सावकाश, सावकाश" करते, आन् हा माणूस तिच्याच फुंकणीवर तिला माहेरी नेऊन आणतो, गप! दुसऱ्याच दिवशी बाजारातून नवी फुंकणी कोणी आणली होती, न सांगता? त्यानंच. कापली तवा त्याला वाटलं असंल, त्यात काय एवढं. मंग जावाजावांचं पेटलं आन् कबूल करायची छातीच झाली न्हाई त्याची.

आवाजानं काकू बाहेर आली होती. माय दोन्ही तुकडे घेऊन उठली आन् सवयीनं खुंट्याकडं बघितलं. शेळी कुठाय? ती तर गेली पळून! आता निरोप कोण नेणार? माय उभी, काकू उभी, मी तेलानं काळा. शेवटी माय म्हणली, "रुख्मिणे... तू न्हाई नेली गं."

काकूनं तुकडा हातात घेतला, उलटसुलट बघितला. म्हणली, "अक्का, भाऊजी दर दिवाळीला मला लुगडं काहून आणायचे, ते आज कळलं." आन् दोघी ओट्यावर बसून हसल्या, रडल्या, परत हसल्या, चहा झाला, अंधार पडला तरी उठेनात. सव्वीस वर्षांचं बोलायचं होतं, एका चहात कुठं मावतंय?

इकडं मी शेळी धरून आणली, नवे सील ठोकले, शेळीला औषध पाजायच्या पिचकारीनं मापून तेल भरलं. एक थेंब गळत न्हाई, बराबर काम! फक्त वरच्या नळ्या न्हाईत, म्हणून गाडी तोंड खाली घालून उभी. मी म्हणलं, "माय, ते तुकडे..." दोघी एकदमच म्हणल्या, "हात लावून बघ!" अर्धी फुंकणी मायच्या उशाशी, अर्धी काकूच्या.

आता मी घरभर वीतभर नळी शोधून राहिलो. आन् आमची बायको पुनम, तिनं पाणी तापवायच्या चुलीची नवी फुंकणी कपाटात घालून कुलूप लावलं. मी म्हणलं, अगं, नुसती बघतो, त्यात काय एवढं? माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. खुंट्यापाशी गेली आन् म्हणली, "शेळे, सांग ह्यांना, किल्ली मिळणार न्हाई."