दह्यासाठी व्हॉल्व्ह

मला हट्टी म्हणता ना? मग फरीदाबादचं ऐका.

तिथल्या आमच्या कारखान्यात एक खास व्हॉल्व्ह बनतो. तीव्र ॲसिडमध्येही टिकतो, वाससुद्धा बाहेर सोडत नाही. विषारी वायू बनवणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो, म्हणून सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही. माल कशासाठी चाललाय याची खात्री करून अर्जावर सही करायची, हे माझं काम.

परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं नेमका तोच मागितला. कशासाठी? तर म्हणे दह्याच्या डेअरीसाठी!

मी त्याला व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "दह्याला साधा स्टीलचा चालतो. निम्म्या किमतीत देते."

"नको, तोच हवा."

"बरं, रोज दूध किती येतं तुमच्याकडे?"

तो शेजारच्याच्या तोंडाकडे बघायला लागला आणि कॉल कट झाला.

आमचे मालक भडकले. "मॅडम, दही लिखा है तो दही है. साइन करो, नहीं तो कल से मत आना."

अख्खं ऑफिस माना खाली घालून बसलेलं. मी म्हटलं, "बिल्कुल करते, सर. आमच्या घरी दही आंबलं की कढी करतात. त्यांच्या दह्याची कढी आधी तुम्ही प्या, मग लगेच सही करते."

सही न करताच दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वेळेच्या आधी पोचले. मालकांच्या टेबलावर वाटी ठेवली. "सर, ही माझ्या घरची कढी. बिनधास्त प्या, हिला परवाना लागत नाही."